रंगजुळणी

"अजून थोडं उघडा," दंतवैद्य बाई म्हणाल्या आणि त्यांनी दिवा खाली ओढला.

खुर्चीतल्या शिंप्याने निमूटपणे जबडा ताणला. वरच्या ओळीतल्या डाव्या पुढच्या दाताचा कोपरा नव्हता.

बाईंचा हात क्षणभर हवेतच थबकला. सकाळी पोलीस ठाण्यातून आलेला कागद शेजारच्या मेजावरच पडला होता. शनिवारी संध्याकाळी एका दुचाकीस्वाराने रस्ता ओलांडणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला धडक दिली होती. तो स्वतःही तोंडावर आपटला, उठला आणि पसार झाला. पाहणाऱ्याला त्याचा चेहरा आठवत नव्हता. आठवत होता तो रक्ताळलेल्या तोंडातला तुटका दात, वरचा, डावीकडचा. शिक्षिका आज, सोमवारीही, शुद्धीवर आल्या नव्हत्या. असा दात दुरुस्त करून घेण्यास कोणी आल्यास तत्काळ कळवावे, अशी विनंती होती.

"कशाने तुटला?" बाईंनी विचारले.

"दोऱ्याने. गळ्यात कात्री लटकत असते, तरी दोरा दातानेच तोडायचा, ही आमच्या धंद्याची खोड. वीस वर्षांत खाच पडली आणि एक दिवस कोपराच उडाला. घरची म्हणते, हसू नका, मला त्यात दोरा ओवावासा वाटतो."

"मग आजच कशी जाग आली?"

"लेक येतेय उद्या, दोन वर्षांनी. ओठ मिटून हसलो तर म्हणेल, बाबा रुसलेत."

बाईंनी बारीक सळई तुटलेल्या कडेवरून फिरवली. कड गुळगुळीत होती, चहाच्या डागांनी तपकिरी पडलेली. त्यांनी सळई पुन्हा एकदा फिरवली, अधिक सावकाश.

"इथवर कसे आलात?"

"दुचाकीवरून. का हो?"

"सहज विचारलं. खाली लावायला जागा मिळत नाही कुणाला."

मदतनीस मावशींनी उपकरणांचे तबक आणून ठेवले. पंधरा वर्षांच्या सहवासाने त्यांना बाईंच्या भुवईची भाषाही कळत असे. "दादा आज डबा घेऊन आले नाहीत?" त्यांनी विचारले.

"सर्दी झालीय पोराला. घरीच आहे." बाईंनी छटांची पट्टी उचलली. पांढऱ्याच्या सोळा छटांचे सोळा नमुने त्यांनी एकेक करून शिंप्याच्या ओठांशी धरले.

"आधी रंग?" शिंप्याने विचारले.

"आधीच. दात ओला आहे तोवर. काम करता करता तो सुकतो आणि पांढरा दिसायला लागतो. तेव्हा रंग जुळवला, तर दुसऱ्या दिवशी दात मूळ रंगावर येतो आणि जोडलेला तुकडा तेवढा पांढराफटक उठून दिसतो. घाई केली की हे असं होतं."

"आमच्याकडे म्हणतात, रफू दिसला की रफूगार हरला."

बाई हसल्या नाहीत. "मावशी, रबराचा पडदा द्या."

"एवढ्याशा कोपऱ्याला पडदा?"

"लाळ लागली तर लेप धरत नाही."

दाताभोवती ताणलेला तो रबरी पडदा तोंडावर बसवल्यावर शिंप्याला बोलता येईना. बाईंनी हातमोजे काढले, आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतले. कागदावरचा क्रमांक लावताना त्यांची बोटे दोनदा चुकली.

"एक जण आलाय," त्या दबक्या स्वरात म्हणाल्या. "तोच दात. तुटलेली कड अगदी ताजी आहे. दुचाकीवरून आलाय."

"वीस मिनिटं थांबवून ठेवा," पलीकडून उत्तर आले.

बाई परतल्या. त्यांनी दातावर तो खरखरीत करणारा निळा लेप लावला, धुतला. पुन्हा लावला, पुन्हा धुतला. मावशींची भुवई वर गेली. शिंपी डोळे मिटून पडला होता. त्याचा उजवा पाय शिवणयंत्राचा पायटा दाबावा तसा खाली-वर होत होता. बाईंचे कान जिन्याकडे लागले होते. एकदा पावले वाजली. पावले वरच्या मजल्यावर निघून गेली.

दुसऱ्यांदा वाजली, ती दाराशी थांबली.

पोलीस अधिकारी आत आला. त्याने खुर्चीवर वाकून विजेरी लावली. शिंप्याचे डोळे विस्फारले. पडद्याआडून नुसता घुमणारा आवाज आला.

"दात तुटून किती दिवस झाले असतील?"

"दोन दिवस," बाई म्हणाल्या. "फार तर."

"लेखी द्याल?"

"देईन."

मावशींनी पडदा सोडवला. शिंपी लाळ पुसत कसाबसा उठून बसला.

"साहेब, शनिवारी संध्याकाळी मी दुकानात होतो."

"सोबत कोण होतं?"

"कोणी नाही. लेकीसाठी झगा शिवत होतो." मग तो बाईंकडे वळला. "डॉक्टर, तुम्ही तर हात लावून पाहिलंत. जुनं आहे ते. सांगा ना यांना."

"मी पाहिलं तेच लिहितेय," बाई म्हणाल्या. त्यांनी सही केली. अक्षर नेहमीसारखेच वळणदार आले.

जाताना शिंपी दारात थांबला. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. मावशींनी छटांची पट्टी पुसून ठेवली आणि बाईंकडे न पाहता त्या मोरीकडे गेल्या.

दुपारी बाई लवकर घरी पोहोचल्या. मुलाने दार किलकिले केले, आई एकटीच असल्याची खात्री केली आणि मगच उघडले.

"इतक्या लवकर?"

"काम आटोपलं." त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली. "उद्यापासून डबा आणत जा. सर्दी बरी झाली तुझी."

मुलाने त्यांच्या तोंडाकडे पाहिले. मग दोन दिवसांत पहिल्यांदाच तो मोकळेपणाने हसला. खिडकीतून स्वच्छ उजेड येत होता, आणि त्या उजेडात त्याच्या वरच्या डाव्या दाताचा कोपरा इतर दातांहून एक छटा पांढरा दिसत होता.