गाळलेलं कार्ड

"सूनबाई, हे यंत्र तर मुकंच हाय की," मोहनराव म्हणाले. "पाणी देतंय, पण कुणाला किती दिलं त्याचा पत्ता न्हाई."

शिवकन्येनं कडेवरचं लेकरू दुसऱ्या बाजूला घेतलं. "बोलतं काका. मीच त्याला गप्प ठेवलंय. बिघाड झाला तरच लिहायचं, असं सांगून ठेवलंय."

"मंग आता समदं लिहाया लाव. आठ दिसांनी सभेत वाचू."

मोहनराव पाणी संस्थेचे चेअरमन. वडवणीहून टँकर यायचा, संस्थेची टाकी भरायची. टाकीखालच्या यंत्राला कार्ड लावलं की घागर भरायची. घरटी एक कार्ड अन् कार्डाला रोज दोन घागरी, हे सभेत ठरलेलं. यंत्रालाच तशी अट घालू का, असं शिवकन्येनं सुरुवातीला विचारलं होतं. मोहनरावच नको म्हणाले. सहकार कुलपावर चालत नसतो म्हणे.

आता टाकी दुपारीच तळ गाठत होती. शेवटची घरं रिकाम्या घागरी घेऊन परतायची. ज्याच्या घरात चोरी सापडेल त्याचं कार्ड पाऊस पडेस्तोवर बंद, असा ठराव झाला होता.

"कवा लावतीस?"

"लावते आजच काका."

चोर कोण, हे तिला ठाऊक होतं.

बाळंतपणाला पुण्याची सॉफ्टवेअरची नोकरी सोडून ती सासरी आली. नवरा तिकडंच राहिला. इथं सासू कडूबाई आणि ती. सासूला ती आत्या म्हणायची. एकदा लेकरू लवकर उठलं म्हणून ती अंगणात आली, तर आत्या डोक्यावर भरली घागर घेऊन ओढ्याकडं निघालेल्या. ओढ्यापल्याड साखराबाईची पालं. शेळ्या घेऊन आलेली बाई, गावची नाही, म्हणून तिला कार्ड नाही. तिची शेरडं सदा टाकीच्या मागं हुंगत असायची आणि अख्खं गाव तिला शिव्या द्यायचं. घरचा माठ तर रोज भरलेला. मग ही घागर कुठली?

शिवकन्येनं विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, याचंच भय.

"आत्या, तुम्ही पाणी पिलात का?" एवढंच ती विचारायची.

"मला मेलीला कशाची तहान? तू पी. अंगावरचं पाजतीस लेकराला."

ओठ फुटलेले असायचे आत्यांचे. उन्हानं, असं शिवकन्या समजायची.

लेकरू झोळीत निजलं. पायाच्या अंगठ्यानं दोरी ओढत तिनं लॅपटॉप उघडला. काम किरकोळ होतं. यंत्रानं किती लिहायचं, ते एका छोट्या सेटिंगच्या फाइलीत होतं. 'फक्त बिघाड' होतं तिथं तिनं 'सगळं' केलं. त्याच्याच खाली गाळायच्या कार्डांची ओळ होती. नळ बघायला संस्थेचा गडी बंकट जे कार्ड वापरायचा, त्याच्या नोंदीनं उगीच गर्दी व्हायची, म्हणून ते तिथं घातलेलं.

दोरी ओढायची थांबली. लेकरू कुरकुरलं.

तिनं बंकटच्या कार्डापुढं स्वल्पविराम दिला आणि आपल्या घरचं कार्ड घातलं. गाळलेली ओळ कुठंच राहत नाही. मागून शोधू म्हटलं तरी मिळत नाही. तिला तेच हवं होतं. 

आठ दिवसांनी सभा संस्थेच्या शेडमध्ये भरली. बाया एका अंगाला, पुरुष एका अंगाला. मोहनरावांनी तिलाच वाचायला लावलं. ती एकेक घर वाचत गेली. दोन घागरी. दोन घागरी. भगवानरावांच्या मोठ्या खटल्याच्या घरालाही दोनच.

"म्हंजे कुणीच चोर न्हाई?" मोहनराव चक्रावले.

"थांबा की चेअरमन." सुभद्राबाई पदर खोचत उठली. तिचं घर शेवटचं, रोज रिकामी घागर तिच्याच वाट्याला. "समद्यांची नावं आली. कडूबाईचं घर कुठं हाय? आठ दिस यांनी पाणीच न्हेलं न्हाई व्हय? का आता देवाघरून टँकर येतोय यांना?"

बाया फिसकन हसल्या. मग कुणी हसेना. दुष्काळात पाणी न नेणारं घर कोण पाहिलंय?

सगळे वळून बघू लागले. आत्याही.

 "मी गाळलं ते नाव," शिवकन्या म्हणाली. "पण आत्यांनी स्वतःसाठी नाही हो नेलं! साखराबाईला कार्ड नाही. तिची लेकरं तहानलेली. म्हणून एक घागर जास्तीची... दया येऊन..."



तेवढ्यात बंकट धावत आला. पाय घोट्यापर्यंत चिखलानं माखलेले.

"चेअरमन, चोर घावला! साखराबाईची शेरडं हाकलाया गेलतो, तर टाकीमागं हे हिरवंगार गवत! बुडाला चीर हाय. निस्तं पाझरतंय!"

एकच कालवा झाला. कुणी कपाळाला हात लावला, कुणी टाकीकडं पळालं. सुभद्राबाई मात्र जागची हलली नाही.

"चिरीचं चिरीपाशी. जास्तीची घागर तर हिची सूनच बोलली."

मोहनरावांनी मान खाली घातली. "कडूबाई, नोंद असती तर बघितलं असतं. नोंद न्हाई, अन् साक्ष घरचीच. कार्ड बंद ठेवावं लागंल."

आत्यांनी कनवटीचं कार्ड सोडवून टेबलावर ठेवलं. मग शिवकन्येच्या हातातून लेकरू घेतलं, त्याचं लाळेरं तोंड पदरानं पुसलं, आणि फुटक्या ओठांनी तिला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दोनच भरीत व्हते गं मी. एक तुमा मायलेकरांची, एक साखराची."