स्फोटाचं नाव

उपग्रहाने गॅमा किरणांचा नवा स्फोट टिपला होता. खगोलशास्त्रज्ञ लेक घरूनच त्याची नोंद करत होती. आई स्क्रीनमध्ये डोकावली.

"नाव म्हणून नुसती आजची तारीख? नावांचा दुष्काळ पडलाय का तुमच्याकडे?"

"आमच्यात तशीच पद्धत आहे, आई."

"म्हणजे तो तारा आज फुटला?"

"छे गं, अब्जावधी वर्षांपूर्वी. नेमका कधी, कोण सांगणार? आपल्याला कळलं तो दिवस धरायचा."

आई स्क्रीनपासून वळली. तिच्या थोरल्या मुलाचं, दादाचं जहाज कुठल्या दिवशी बुडालं, ते कुणालाच कळलं नव्हतं; बातमीचा फोन तेवढा आला होता. भिंतीवरच्या त्याच्या फोटोखाली नुसती जन्मतारीख होती. पुढची तारीख आईने कधी लिहूच दिली नव्हती.

"दादाच्या फोटोखाली घालून टाक मग," ती म्हणाली. "फोन आला, त्या दिवसाची."