नायकाने केलं काय?

प्रकाशकाच्या ऑफिसात एकतीस वर्षं प्रुफं तपासणाऱ्या काकांनी जादूच्या कादंबरीचा जाडजूड गठ्ठा संपादकबाईंच्या टेबलावर आदळला.

"शुद्धलेखन ठीक आहे हो, पण या नायकाने केलं काय? जन्माला आला, एवढंच! खांद्यावर तीळ दिसला, की लगेच जादूची तलवार याच्या हातात. आणि तो सेनापती बिचारा वीस वर्षं घाम गाळतोय, त्याने काय जन्मभर मशालच धरायची? वाचक चिडणार नाहीत तर काय आरती ओवाळणार?"

बाईंना हसू आलं, पण मुद्दा पटला. त्यांनी लेखकाला फोन लावून बराच वेळ समजूत काढली, आणि पंधरा दिवसांनी नवा शेवट आला. आता तलवारीसाठी अख्ख्या राज्यात स्पर्धा होती आणि ती सेनापतीने जिंकली होती. काकांनी ते प्रकरण उभ्याउभ्याच वाचून काढलं. "याला म्हणतात न्याय!" म्हणताना त्यांचे डोळे चक्क पाणावले होते.

"बरं काका," बाई म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात तुम्ही निवृत्त होताय. तुमच्या जागेसाठी बावीस अर्ज आलेत. सगळ्यांची रीतसर परीक्षा घेऊ म्हणते. पेपर तुम्हीच काढाल ना?"



काकांनी केबिनचं दार हळूच लोटलं आणि खुर्ची पुढे ओढली. "परीक्षा कशाला हो, बाई? आमची धाकटी आहे ना! शुद्धलेखन रक्तातच आहे तिच्या."