आणखी सोपं सांगा

निवृत्त प्राध्यापिका आम्रपाली फेसबुकवरच्या वाचकगटात युरोपीय तत्त्वज्ञानाची पुस्तकं सुचवायच्या. वाघोलीच्या हिराबाईंनी चौथ्यांदा लिहिलं, “मॅडम, हेही अवघड गेलं. आणखी सोपं सांगा.” आम्रपाली वैतागल्या. “अहो, याहून सोपं फक्त कॅलेंडरच्या मागे छापतात! एवढा हट्ट कशासाठी?” हिराबाईंनी कळवलं, “लेक पॅरिसमध्ये हेच शिकतेय. काही विचारलं की म्हणते, ‘आई, तुला नाही कळायचं,’ आणि फोन ठेवते.” आम्रपालींनी चरफडतच हिराबाईंचा नंबर मागून त्यांना फोन लावला. “पुस्तक घ्या. मोठ्यानं वाचा.” हिराबाई अडखळत वाचू लागल्या, तिसऱ्या पानावर थांबल्या. “मॅडम, हे वाक्य तुम्हाला तरी कळतं का?” आम्रपालींनी चिडून आपली प्रत उघडली, वाक्य दोनदा वाचलं. “तीस वर्षं शिकवलं,” त्या शेवटी म्हणाल्या, “पण नाही कळलं.” “मग लेकीलाच विचारते!” हिराबाई खुलल्या. “बघू, तिला तरी कळलंय का!”