नोलीनचा शिकंजा

न्यूझीलंडमधल्या रोटोरुआच्या आमच्या शेडमध्ये आम्ही म्हातारी मंडळी दर बुधवारी जमतो आणि चहा पीत, टवाळक्या करत आपापली शवपेटी स्वतःच बनवतो. रंधा मारताना फळी धरायला दुसरा माणूस लागायचा, म्हणून आमच्यातल्या नोलीननं कामाच्या टेबलाच्या पायालाच जोडलेला, फळी जबड्यात आवळून धरणारा भलामोठा लाकडी शिकंजा बनवला. त्याच्या जबड्याला रुंद, जाड फळी हवी होती. कोपऱ्यात एक कधीची पडून होती. कुणाची आहे, हे विचारायचं तिच्या मनात आलं होतं, पण राहूनच गेलं आणि तिनं ती कापली.

आज आमच्यातलाच क्लॅरी आला, हॉस्पिटलातून सुटून, काठी टेकत.

"काय गं, मी मेलो असं वाटलं का?"

"पेटी पुरी केल्याशिवाय कसला मरतोस तू!" नोलीन म्हणाली.

"झाकण तेवढंच राहिलंय. डॉक्टर म्हणतो, उरकून घ्या."

नोलीनचा चेहरा उतरला.

क्लॅरीनं शिकंजा आवळून पाहिला. "पकड झकास आहे हं!" मग जबड्याच्या लाकडातल्या गाठीवरून तो बराच वेळ बोट फिरवत राहिला.

"ही गाठ बरोबर माझ्या छातीवर येणार होती."