विस्तवाविना मेजवानी

"अक्रोड संपवू नका हं, पाहुण्यांना पुरायला हवेत," खजुरातली बी काढता काढता सून म्हणाली.

आतल्या खोलीत, दारासमोरच बसलेल्या सासूबाई चोरी पकडल्यासारख्या हसल्या. सुनेच्याही तोंडात एक अक्रोड होताच.

गॅसची बटणं नणंद काढून घेऊन गेली होती. सासूबाईंनी दुधाचं पातेलं जाळलं, तेव्हापासून. धारदार सुऱ्याही गेल्या. राहिली ती लोणी लावायची बोथट सुरी. म्हणून आज सगळं न शिजवता. खजुरात मऊ चीज आणि अक्रोड. पिकलेल्या नासपतीच्या फोडी, वर मध. खाऱ्या बिस्किटांवर अंजिराचे तुकडे. तबकाच्या कडेनं तिनं अंगणातली तांबडी पानं पुसून लावली.

दरवर्षी पानगळ सुरू झाली की या घरी मेजवानी व्हायची. यंदा मात्र वन्संनी वृद्धाश्रमात खोली बघितली होती. फोनवर कुणाला तरी सांगताना सुनेनं ऐकलं होतं. आई घरी नीट राहतेय असं आज दिसलं नाही, तर जाताना गाडीत बसवूनच नेणार होत्या.

नवरा फिरतीवर. बऱ्याच दिवसांत फोन नाही. सासूबाईही गेल्या, तर एवढ्या घरात बोलायचं कुणाशी?

"देवा, आजची संध्याकाळ निभावून ने," ती पुटपुटली. सासूबाईंचे ओठही हलले. हल्ली ओठ नुसते हलायचे, आवाज नसायचा.

शेजारच्या बाई खिडकीतून डोकावल्या. "जेवलात ना?"

"जेवलो की दोघी."

बाई जरा थांबल्या, मान हलवून गेल्या.

उन्हं उतरली. सून एक खजूर घेऊन आत गेली. सासूबाई उठून पुढे आल्या.

"मी उठले की तुम्ही उठायलाच हवं का? चव बघा."

त्यांनी तोंड उघडलं, पण घास घेतला नाही. चीज ओठांना फासलं. पुसायला गेली तर गाल बर्फासारखा गार.

"शाल घ्या नीट. लेकीला वाटेल, सून थंडीत मारतेय."

तिनं स्वतःची शाल ओढून दाखवली, तशी त्यांनीही ओढली. डाव्या हातानं. जन्मभर उजव्या हातानं सगळं केलेली बाई, म्हातारपणी डावखुरी झाली होती.

"आणि कालच्यासारखी डोक्यावरून चादर घेऊन बसू नका. सकाळी मीच काढली म्हणून, नाहीतर जीव गुदमरला असता."

बाहेर पानं सळसळली. मग कुलपात किल्ली फिरली.

"या वन्सं," सून लगबगीनं तबक घेऊन पुढे झाली. "आधी खाऊन तर बघा."

वन्सं तिच्याकडे बघत राहिल्या. मग एक खजूर उचलून सावकाश खाल्ला. त्यांचे डोळे भरून आले.

"अगदी पूर्वीसारखा झालाय."

"सासूबाईंची मदत होती ना. दिवसभर शहाण्यासारख्या बसल्यात. बघा तरी, तुमची वाट बघताहेत. त्यांना नेऊ नका, वन्सं. मी सांभाळते."

वन्सं आत गेल्या. कॉटवर घडी घालून ठेवलेली चादर उचलली, झटकली आणि सासूबाईंच्या डोक्यावरून थेट पायांपर्यंत सोडली.

तबक कलंडलं. खजूर फरशीवर घरंगळत गेले.

"अहो, जिवंत माणूस आहे ते," सून कशीबशी म्हणाली.

वन्संनी माघारी येऊन तिचा सुरकुतलेला हात आपल्या हातात घेतला.

"आरशावरची चादर काढू नकोस म्हणून काल सांगून गेले होते ना गं, आई."