ठिकाणाचा रकाना

"ओरडत नाही, शिवी देत नाही, बढाई मारत नाही," कोशकार चहाचा कप हातात घेऊन म्हणाला. "उलट गोड बोलतो. आणि तरी समोरच्याला वाटतं, आपण अगदीच क्षुल्लक आहोत. अशा माणसाला काय म्हणायचं?"

बायको ओट्यापाशी भाजी निवडत होती. तिने मान वर केली. "मी त्यावर विचार केलाय. सांगू?"

कोशकार मायेने हसला. "असू दे. एवढा विचार केला, तेच खूप झालं."

मग त्याने गॅसचा अर्ज तिच्यासमोर ठेवला. "मी सगळा भरलाय. तू फक्त इथे सही कर." घरातली लिखापढी तोच करायचा, तिला उगाच ताप नको म्हणून. "आणि वाचनालयात माझी पुस्तकं परत करायला जाशील ना, तेव्हा हे पाकीट तिथल्या बाईंना दे. कामाचं आहे, विसरू नकोस."

"नाही विसरणार," ती म्हणाली.

निघताना त्याने दारातल्या चपला नीट रांगेत लावल्या.

कोशाच्या कचेरीत गर्विष्ठ माणसांचा खण ओसंडून वाहत होता. उर्मट, मग्रूर, मिजासखोर, तुसडा, शिष्ट. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड, कार्डावर पाच रकाने: शब्द, अर्थ, कानांनी ऐकलेलं वाक्य, दिनांक, ठिकाण. कोरी कार्डं गावातल्या वाचनालयात ठेवलेली असत. ज्याला शब्द सापडेल त्याने भरून द्यावं. एकही रकाना कोरा राहिला तर कार्ड बाद. वीस वर्षांपूर्वी हा नियम कोशकारानेच केला होता आणि तो स्वतःच्या सासऱ्यासाठीही मोडला नव्हता.

"सर, सोमवारी हा भाग छापायला जाणार," सहायक बाई म्हणाल्या. "'एक वाचक' एवढीच सही असलेल्या त्या बारा कार्डांचं काय करायचं? ठिकाण एकावरही नाही."

"काल पत्र लिहिलंय. आज वाचनालयात पोचेल. गोड बोलून कमी लेखणाऱ्यासाठीचा तो उरलेला शब्दही त्यालाच विचारलाय." कोशकाराने वरचं कार्ड उचललं. "हे बघा, 'तोरा'. 'दार उघडलं की आधी चपला बघतो, मग माणसं.' अहो, आपल्याला वीस वर्षांत असं एक वाक्य मिळालं नाही! हा नक्की निवृत्त मास्तर. कुठल्यातरी हेडमास्तरच्या हाताखाली जन्म गेलाय बिचाऱ्याचा."

"मास्तरच कशावरून?"

"अनुभवाने कळतं. तुम्हालाही कळेल हळूहळू."

सहायक बाईंना तिथे एकोणीस वर्षं झाली होती. त्यांनी खण लावला. "त्या उरलेल्या शब्दासाठी मी दोन-तीन पर्याय काढलेत, सर."

"असू दे. एवढा विचार केला, तेच खूप झालं."

कोशकाराला त्या मास्तरची खरोखर कणव आली. हेवाही वाटला, हे त्याने मनाशी कबूल केलं. प्रस्तावनेत आभाराचं पहिलं वाक्य त्याचंच असेल, असं त्याने त्या दुपारी ठरवून टाकलं. फक्त नाव कळायला हवं होतं, आणि ठिकाण. नाहीतर कोशातली सगळ्यांत जिवंत बारा वाक्यं त्याच्याच नियमाने केराच्या टोपलीत जाणार होती.

शनिवारी वाचनालयाकडून पाकीट आलं. आत एकच कार्ड, तेच गोल, ठसठशीत अक्षर.

"वाचा, वाचा!" कोशकार खुर्चीतून अर्धवट उठला.

सहायक बाईंनी चष्मा लावला. "शब्द: मलाही सापडला नाही. माणूस मात्र माहीत आहे. अर्थ: तुम्ही पत्रात लिहिलाय तोच. ऐकलेलं वाक्य..." त्या थांबल्या.

"पुढे?"

"'एवढा विचार केला, तेच खूप झालं.' दिनांक, परवाचा गुरुवार."

कोशकाराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हे सगळं तुम्ही लिहीत होतात?" तो हळू आवाजात म्हणाला. "तेराच्या तेरा कार्डं? माझ्याच कचेरीत बसून?"

"नाही, सर. वाक्य मलाही पाठ आहे, पण अक्षर माझं नाही. माझं अक्षर तुम्ही रोज बघता."

"मग कोणाचं आहे?"

"मला कसं माहीत असणार? पण या वेळी ठिकाण लिहिलंय."

त्यांनी कार्ड त्याच्यासमोर ठेवलं. शेवटच्या रकान्यात त्याच गोल अक्षरात तीन शब्द होते.

ठिकाण: आपल्या घरचं स्वयंपाकघर.